दाजींच्या पाठीवरचे ओझे

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक तरुण राहत होता. त्याचे नाव राया. अंगाने सडपातळ, पायाने चपळ आणि बोलायला गोड. आईवडील लवकर गेले, तेव्हा थोरल्या बहिणीने, सगुणाने, त्याला वाढवले. पुढे त्याच गावातल्या भागोजीशी तिचे लग्न ठरले. तिने एकच अट घातली, की धाकटा भाऊ माझ्याबरोबर राहील. भागोजी म्हणाला, त्यात अट कसली, मलाही भाऊ नाही. त्या दिवसापासून राया त्या घरचा झाला. बहिणीला तो अक्का म्हणे आणि भागोजीला दाजी.

त्या गावाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले एक काम होते. डोंगरावर पठार होते आणि पठारावर पाच लहान वाड्या होत्या. तिथे नाचणी पिके, वरी पिके, जंगलात मध मिळे. पण मीठ मिळत नसे. वर जायची वाट इतकी अवघड होती की बैल किंवा गाढव ती चढत नसे. म्हणून दरवर्षी दिवाळी झाली की गावातली नऊ माणसे पाठीवर मीठ घेऊन वर जात. एकेकाच्या पाठीवर तीस शेर. जायला चार दिवस लागत, यायला तीन. तेवढ्या मिठावर पाच वाड्यांचे वर्ष निघे.

या माणसांना तयार करण्याचे काम सुभाननानांकडे होते. नाना तीस वेळा ती वाट चढले होते. आता त्यांचे गुडघे दुखत. ते ओझे घेत नसत, पण काठी टेकत सगळ्यांच्या पुढे चालत. वाटेचा एकेक दगड त्यांना ठाऊक होता.

नागपंचमी झाली की नानांचा सराव सुरू होई. रोज सकाळी नऊ जणांनी पोत्यात ओढ्यातले गोटे भरायचे, पोते पाठीवर बांधायचे आणि समोरच्या टेकडीवरच्या देवळापर्यंत जाऊन यायचे. आधी दहा शेर गोटे. दर पंधरा दिवसांनी पाच शेर वाढवायचे. दिवाळीपर्यंत तीस शेर पेलता आले पाहिजेत. चालता चालता नाना शिकवत. पाय आधी टेकवायचा, दगड हलत नाही हे पाहायचे, मगच त्यावर भार द्यायचा. पाणी घटाघटा प्यायचे नाही. टाच लाल दिसली की लगेच तेल लावून फडके बांधायचे, फोड यायची वाट पाहायची नाही.

पोत्याचे पट्टे छातीवर एका सरकगाठीने बांधत. तिचे टोक ओढले की गाठ सुटे आणि ओझे खाली पडे. नाना ती गाठ डोळे मिटून बांधायला आणि सोडायला लावत. ते म्हणत, मीठ दरीत गेले तर पुन्हा आणता येते.

आणखी एक नियम होता. कड्याची अरुंद वाट सुरू होण्याआधी एक सपाट खडक लागे. त्याला विसावा म्हणत. तिथे सगळे थांबत. ज्याला जड होत असेल त्याने तिथे तसे सांगायचे. मग त्याचे निम्मे मीठ खडकाखाली झाकून ठेवत. वर पोचल्यावर दुसऱ्या दिवशी कुणीतरी रिकाम्या पाठीने खाली येऊन ते घेऊन जाई. नाना दरवर्षी बजावत, "विसाव्याला सांगा. कड्यावर गेल्यावर सांगून उपयोग नाही. यात लाज नाही, फक्त एक दिवस जास्त लागतो."

त्या वर्षी नऊ जणांत भागोजी होता, आणि पहिल्यांदाच रायाही होता.

पहिले पंधरा दिवस राया उत्साहाने गेला. दहा शेरांचे त्याला काही वाटले नाही. पंधरा शेर झाले तेव्हा खांदे भरून आले. वीस शेर झाले त्या आठवड्यात त्याच्या टाचेला फोड आला. आदल्या दिवशी टाच लाल झालेली त्याने पाहिली होती, पण फडके बांधायचा कंटाळा केला. आता पाय टेकवत नव्हता. सरावाला गेलो नाही तर नाना आपल्याला वगळतील आणि दुसरा कोणी घेतील, अशी भीती त्याला वाटली. म्हणून त्या सकाळी त्याने पोत्यातले गोटे काढले, आत भाताचा भुसा दाबून भरला आणि तोंडाशी दिसतील असे चार गोटे वर ठेवले. फक्त फोड बरा होईपर्यंत, असे त्याने मनाशी ठरवले.

त्या दिवशी राया टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचला. भागोजी नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी आला. तो अंगाने जड होता. एकेक पाऊल मोजून टाकी. नानांनी सगळ्यांसमोर रायाची पाठ थोपटली आणि म्हणाले, या पोराला बघा, फोड आलेला असताना पहिला आला. बाकीचे भागोजीकडे बघून हसले. भागोजीही हसला. मेहुण्याचे कौतुक ऐकून त्याला बरे वाटले.

चार दिवसांनी फोड बरा झाला. राया ओढ्यावर गेला, गोटे उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. आता गोटे भरले तर तो मागे पडणार होता. काल पहिला येणारा आज मागे का, असे कोणीतरी विचारणार होते. त्याने पोते तसेच बांधले आणि पुन्हा पहिला पोचला.

एका दुपारी पावसाची सर आली. अंगणात पडलेले रायाचे पोते भिजू नये म्हणून सगुणा ते ओसरीत ओढायला गेली. ती दोन्ही हातांनी जोर लावणार होती. पोते एका हातानेच वर आले. ती तशीच उभी राहिली. तेवढ्यात राया आला.

"राया, हे काय?"

"टाच दुखते गं अक्का. चार दिवस फक्त. दाजींना सांगू नकोस."

सगुणाने त्याच्याकडे पाहिले. लहानपणी काही चुकले की तो असाच बघायचा. तिने पोते ओसरीत ठेवले आणि ती आत गेली. भागोजीला सांगितले तर तो नानांपासून लपवणार नाही, हे तिला माहीत होते. मग गावात भावाची लाज जाईल. तिने स्वतःची समजूत घातली, की पोर काटक आहे, वेळ आली की निभावून नेईल. त्या दिवसापासून ती रायाच्या भाकरीवर तुपाची धार जास्त सोडू लागली. भागोजीला मात्र तिने काही सांगितले नाही. चार दिवस झाले, मग आठ. तिने पुन्हा पोत्याला हात लावला नाही. आपल्याला काय कळेल याची तिला भीती वाटे.

दिवाळी झाली. नऊ जणांनी मीठ पाठीवर घेतले. खरे तीस शेर पाठीवर चढले तेव्हा रायाने पट्टे दोन्ही हातांनी धरून ठेवले. पण सगळे गाव निरोप द्यायला आले होते. तो हसत निघाला.

पहिला दिवस त्याने रेटला. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय थरथरू लागले. नाना शिकवत होते तसा पाय टेकवून पाहायला त्याला सवड होत नव्हती. ओझेच त्याला पुढे ढकलत होते. तो दोनदा गुडघ्यावर पडला आणि दोन्ही वेळा दगड निसटला असे म्हणाला. नानांनी मागे वळून पाहिले. सरावात रोज पहिला येणारा मुलगा, म्हणून त्यांना शंका आली नाही. भागोजी मात्र त्याच्या मागे चालत होता. त्याला सगळे दिसत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते विसाव्याला पोचले. सगळ्यांनी ओझी उतरवली. रायाला ओझे उतरवल्यावरही ताठ उभे राहता येईना. नानांनी प्रत्येकाजवळ जाऊन विचारले. रायाजवळ आल्यावर ते म्हणाले, "राया, जमतंय ना?"

फक्त नाही म्हणायचे होते. पंधरा शेर मीठ खडकाखाली राहिले असते. एक दिवस जास्त लागला असता. पण आठ जण त्याच्याकडे बघत होते.

"जमतंय, नाना," राया म्हणाला.

नाना पुढे गेले. सगळे निघायची तयारी करू लागले, तेव्हा भागोजी रायाच्या शेजारी येऊन बसला. त्याने आवाज खाली केला.

"निम्मं मला दे."

"दाजी, नको. तुमच्याही पाठीवर तीस आहेत."

"मी सावकाश चालतो. मला काही होत नाही. तुझ्या अक्काला मी काय तोंड दाखवू?"

नानांना सांगू या, असे भागोजी एकदा म्हणालाही. रायाने मान खाली घातली. मेहुण्याची मान खाली गेलेली भागोजीला बघवेना. रायाचे निम्मे मीठ त्याने आपल्या घोंगडीत बांधले, ते गाठोडे आपल्या पोत्यावर चढवले आणि दोराने छातीवरून घट्ट आवळून घेतले. भागोजी सगळ्यांच्या शेवटी चाले, म्हणून पुढच्यांपैकी कोणाचे लक्ष गेले नाही. नव्या दोराखाली त्याची सरकगाठ दबून गेली. ती गोष्ट दोघांपैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

कड्याची वाट दोन पावलांएवढी रुंद होती. एका हाताला भिंतीसारखा कडा, दुसऱ्या हाताला दरी. राया पुढे होता. पाठ हलकी झाल्यामुळे त्याचे पाय आता नीट पडत होते. मागून भागोजीचा श्वास त्याला ऐकू येत होता. दाजींना एवढी धाप लागलेली त्याने कधी ऐकली नव्हती. वाट निम्मी सरली असेल. राया वळून म्हणणार होता, दाजी, जरा थांबू. तेवढ्यात मागे दगड घसरल्याचा आवाज झाला.

भागोजीचा एक पाय वाटेखाली गेला होता. दोन्ही कोपरांनी त्याने वाट धरली होती. पण पंचेचाळीस शेर त्याला मागे ओढत होते. त्याने एक हात सोडून छातीकडे नेला. त्याची बोटे गाठीचे टोक शोधत होती आणि त्यांना नुसता दोर लागत होता. राया खाली वाकला आणि त्याने भागोजीच्या मनगटाला धरले. गेल्या दोन महिन्यांच्या सरावात त्या हाताने वजन धरले नव्हते. मनगट त्याच्या मुठीतून निसटले.

भागोजी ओरडला नाही. खाली फक्त झाडी मोडल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

पठारावरची माणसे दुसऱ्या दिवशी दोर घेऊन दरीत उतरली आणि भागोजीला वर घेऊन आली. त्याच्या पाठीवर दोन ओझी होती. घोंगडीची एक बाजू फाटली होती आणि मीठ सांडून गेले होते. नानांनी ते पाहिले. मग त्यांनी विचारले, हे दुसरे ओझे कोणाचे. सगळ्यांनी एकमेकांच्या पोत्यांकडे पाहिले. रायाचे पोते निम्मे रिकामे होते.

"माझं," राया म्हणाला.

त्या दिवशी पाचही वाड्यांत चूल पेटली नाही. पठारावरच भागोजीला अग्नी दिला. बाकीचे मीठ वाड्यांनी वाटून घेतले. एका म्हातारीने आपल्या वाट्याचे मीठ परत आणून दिले आणि म्हणाली, हे आमच्या घशाखाली उतरणार नाही. नानांनी तिची समजूत घालून ते तिच्याच पदरात घातले.

आठ जण आणि नाना गावात परतले. कोणी सांगायच्या आधीच सगुणाला कळले. ती दारात बसली. नाना तिच्यासमोर बसले आणि त्यांनी भागोजी कड्यावरून पडला एवढेच सांगितले. सगुणा म्हणाली, ते तर सगळ्यांत सावकाश चालायचे, मग ते कसे पडले? नानांना खोटे बोलता येईना. पाठीवर दोघांचे ओझे होते, असे ते म्हणाले.

सगुणाने रायाकडे पाहिले. तो अंगणाच्या कडेला उभा होता. ती उठली. अंगणात गाव जमले होते. त्या सगळ्यांसमोर ती नानांना म्हणाली, "नाना, याच्या पोत्यात भुसा होता. दोन महिने होता. मी हाताने उचलून पाहिलं होतं आणि गप्प बसले. भावाची लाज राखायला गेले आणि नवरा घालवला."

रायाला वाटले, आता लोक आपल्याला दगड मारतील. कोणी दगड उचलला नाही. सगळे खाली बघत होते. नाना हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मीही कधी त्याचं पोतं हाताने उचललं नाही. वर पहिला कोण आला, एवढंच बघत राहिलो." आणि तो म्हातारा माणूस तिथेच, सगळ्यांसमोर, रडला.

राया घर सोडून निघाला होता. सगुणाने त्याला जाऊ दिले नाही. ती रागावली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. ती त्याला रोज भाकरी वाढी आणि स्वतः आतल्या खोलीत जाऊन बसे. दोघांत घरकामापुरते बोलणे होई. रायाला वाटे, तिने एकदा तरी आपल्याला मारावे. तिने कधी मारले नाही.

पुढच्या नागपंचमीला राया ओढ्यावर गेला आणि त्याने पोत्यात मोजून गोटे भरले. आता नाना रोज प्रत्येकाचे पोते हाताने उचलून बघत. राया सगळ्यांच्या शेवटी चाले. कोणी हसले तरी त्याला काही वाटत नसे. पाय टेकवायचा, दगड पाहायचा, मग भार द्यायचा. रात्री झोपण्याआधी तो टाचा तपासून बघे. भाद्रपद सरला तोवर तीस शेर त्याच्या पाठीवर बसले. दसऱ्याला तो चाळीस शेर घेऊन टेकडी चढला. गावातले लोक म्हणू लागले, हा आता दीड माणसाचे ओझे नेईल. ते ऐकले की राया तिथून उठून जाई. त्याला आता दाजींचे ओझे हलके करता आले असते, पण ते करून घ्यायला दाजी राहिले नव्हते.

भाऊबीजेला सगुणाने पाट मांडला. वर्षभरात ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर बसली. राया पाटाजवळ उभाच राहिला. मला ओवाळू नकोस, असे तो म्हणाला. ती म्हणाली, बस. तो बसला. तिने त्याला कुंकू लावले, निरांजन उचलले आणि मध्येच थांबली.

"थकलास तर सांगशील?"

"सांगेन, अक्का."

तिने ओवाळले.

त्या वर्षीच्या खेपेत दुसऱ्या दिवशी रायाच्या अंगात ताप भरला. विसाव्याला पोचेपर्यंत त्याचे डोळे जड झाले होते. नानांनी जवळ येऊन विचारायच्या आधीच तो उठला. पंचक्रोशीत एवढा ताकदवान चालणारा दुसरा नव्हता, आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. तो म्हणाला, "नाना, मला आज जमत नाही." नानांनी मान हलवली. निम्मे मीठ खडकाखाली झाकले. वर पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दोघे जण खाली येऊन ते घेऊन गेले. एक दिवस जास्त लागला.

गावात परत यायला त्यामुळे उशीर झाला. वेशीवर बायकामाणसे जमली होती. सगुणाही आली होती. डोंगरावरून उतरणारी माणसे दिसू लागली तेव्हा तिने बोटांनी मोजायला सुरुवात केली. नऊच्या नऊ परत आली होती. ज्याची त्याची माणसे ज्याला त्याला भेटली, पाणी दिले, हसली, घराकडे वळली. रायाने जवळ येऊन बहिणीच्या पायाला हात लावला. तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि म्हणाली, तू हो पुढे, मी येते.

राया पुढे गेला. वेस रिकामी झाली. उतरणीची वाट मोकळी दिसत होती. सगुणा आणखी थोडा वेळ तिकडे बघत उभी राहिली. मग पदर सावरून घरी गेली.

तात्पर्य: सरावात केलेली फसवणूक आणि वेळेवर न सांगितलेला थकवा यांचे ओझे शेवटी आपल्याबरोबर चालणाऱ्या, आपल्यावर माया करणाऱ्या माणसाच्या पाठीवर जाते. म्हणून तयारी खरी करावी, आणि जमत नसेल तर ते आधीच मोकळेपणाने सांगावे.